वाचकांचे प्रश्न : नाशिक की नाशिकरोड?

या खेपेला आलेल्या टपालात तीन पत्रं एकाच शहराबद्दल आहेत, जर्मनीतल्या श्टुटगार्टबद्दल. आश्चर्य नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नाशिकमधून अशी पत्रं वाढली आहेत. गंमत वेगळीच आहे. तिघांतल्या दोघी एकाच घरातल्या असाव्यात असा मला दाट संशय आहे, आणि एकीनं लिहिलंय हे दुसरीला ठाऊक नसावं. अंक घरी आला की कळेलच.

प्रश्न : ताई, मी मेकॅनिकलची बी.ई. आहे. अंबडला एका कारखान्यात तीन वर्षं क्वालिटीत काम केलं. जर्मनीचं चान्सनकार्ड, म्हणजे तिथं जाऊन नोकरी शोधायचा परवाना, मिळालंय, पुढच्या महिन्यात श्टुटगार्टला निघतेय. नोकरी हातात नाही, तिथं राहून शोधायची आहे. जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत झालीय. खरं सांगू का, मला मुलाखतीची भीती वाटत नाही, मुलाखतीला पोचण्याची वाटते. आजवर पुण्याला गेले तीसुद्धा मैत्रिणींबरोबर. इथं सिटीलिंकनं रोज जाते, पण चुकलं तर कंडक्टरला विचारता येतं, शेजारच्या मावशींना विचारता येतं. तिथं एकटीनं, आज एका गावाला, उद्या दुसऱ्या, गाड्या बदलत कसं जमणार? हसू नका.
— क., पवननगर, सिडको

उत्तर : हसत नाही गं. मी २०१८ च्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा तुझ्यासारखीच होते, फक्त तेव्हा चान्सनकार्ड नव्हतं. ते जून २०२४ पासून आलं. आमच्या वेळी नोकरी शोधायला सहा महिन्यांचा व्हिसा मिळायचा. तुला वर्षभर मिळेल, वर आठवड्याला वीस तास काम करायची मुभा. म्हणजे चुका करायला तुझ्याकडे माझ्या दुप्पट वेळ आहे. माझी सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, म्हणजे तू निदान ती तरी करणार नाहीस.

ऑक्टोबरात एका छोट्या कंपनीचं बोलावणं आलं. सकाळी दहा वाजता, फाइहिंगन. मी मोबाइलमध्ये फाइहिंगन टाकलं, पहिलं नाव आलं त्यावर बोट ठेवलं आणि मुख्य स्टेशनातून गाडी पकडली. वीसेक मिनिटांनी उतरले. फलाट चांगला ऐसपैस होता, पण आजूबाजूला शेतं. उतरणारे दोघंच, मी आणि एक सायकलवाला, तोही निघून गेला. कारखाना काही दिसेना. शेवटी फोन लावला. माझ्या त्या वेळच्या जर्मनमध्ये म्हटलं, "मी फाइहिंगनला पोचले आहे." पलीकडची बाई खूश होऊन म्हणाली, "छान, आम्हीही फाइहिंगनलाच आहोत." मग दोन्हीकडून शांतता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुम्हाला समोर काय दिसतंय?" मी म्हटलं, "मका." ती म्हणाली, "आमच्याकडे मका नाही."

फाइहिंगन दोन आहेत. एक श्टुटगार्ट शहराचाच भाग, जिथं एस-बान, म्हणजे तिथली लोकल गाडी, जाते. दुसरं एंट्स नदीवरचं वेगळं गाव, शहराच्या वायव्येला, तिथं कार्ल्सरूहेकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात. मी दुसऱ्यावर उभी होते. नाशिककर बाईनं ही चूक करावी याची मला जास्त लाज वाटली. आपल्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा गाडीतून उतरला की फोन करतो, "आलो नाशिकला, पाच मिनिटांत पंचवटीत पोचतो." आणि आपणच त्याला हसत सांगतो, बाबा रे, ते नाशिकरोड, अजून नऊ-दहा किलोमीटर यायचंय. आयुष्यभर दुसऱ्यांना हे समजावलं आणि तिथं जाऊन स्वतः नाशिकरोडला उतरले.

दीड तास उशिरा पोचले. त्यांनी मुलाखत घेतली, चांगलं वागवलं, कॉफी दिली. नोकरी मिळाली नाही. माझं जर्मन कच्चं होतं, त्यामुळे वेळेवर गेले असते तरी मिळाली नसती असं मला वाटतं. पण ते मला कधीच नक्की कळणार नाही, आणि नेमकं तेच सलतं.

म्हणून पहिली गोष्ट. बोलावण्याच्या पत्रात गावाचं नाव वाचू नकोस, पाच आकडी पिनकोड वाच. श्टुटगार्टच्या फाइहिंगनचा ७०५६३ किंवा ७०५६५, एंट्सवरच्या फाइहिंगनचा ७१६६५. अ‍ॅपमध्ये गाव न टाकता पिनकोडसकट अख्खा पत्ता टाकायचा. जर्मनीत एकाच नावाची गावं ढिगानं आहेत. बऱ्याच कंपन्या पत्रासोबत 'आन्फार्ट' असं शीर्षक असलेलं एक पान जोडतात. त्यात कुठल्या स्टॉपला उतरायचं, कुठल्या गेटनं आत यायचं हे लिहिलेलं असतं. सगळे उमेदवार पगाराचा अंदाज बांधत बसतात आणि हे पान उघडतच नाहीत.

दुसरी गोष्ट माझ्या बाबांची. बाबा मायकोत होते. (कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण सर्कल आजही मायकोच. रिक्षावाल्याला 'बॉश सर्कल' सांगून बघ, तोच तुला विचारेल बाहेरून आलात का.) त्यांची एक सवय होती. नव्या ठिकाणी काम असलं की आदल्या संध्याकाळी सायकल काढून ते ठिकाण बघून यायचे. आत जायचे नाहीत. गेट बघायचे, टपरीवर चहा घ्यायचे, परत यायचे. आई म्हणायची, उद्या जायचंच आहे ना? बाबा म्हणायचे, उद्या गेट शोधायचं नाही, उद्या काम करायचं. फाइहिंगनच्या मक्यानंतर मी त्यांची ही सवय उचलली. प्रत्येक मुलाखतीच्या आदल्या दिवशी, त्याच वेळेला, त्याच गाडीनं जाऊन गेट बघून यायचं. त्याच वेळेला हे महत्त्वाचं, कारण दुपारी तीनची बस आणि सकाळी साडेसातची बस या दोन वेगळ्या दुनिया आहेत.

तुझ्या काळात हे फुकटात होईल, माझ्या काळात नव्हतं. मी गेले तेव्हा शहर झोनमध्ये चिरलेलं होतं, झोन ओलांडला की पैसे वाढायचे. आता डॉइचलांड-टिकेट आहे. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३. आपले साडेसहा हजारांच्या आसपास. ऐकायला महाग वाटतं, पण त्यात सगळ्या देशातल्या शहरी बस, ट्राम, एस-बान आणि प्रादेशिक गाड्या येतात. येत नाहीत त्या लांब पल्ल्याच्या आयसीई आणि आयसी. पांढरी, लाल पट्ट्याची झोकदार गाडी आली की तुझी नाही असं समज. हे तिकीट पहिल्या तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचं असतं आणि आपोआप पुढच्या महिन्याला चालू राहतं. बंद करायचं असेल तर दहा तारखेच्या आत कळवावं लागतं, अकराला जाग आली तर आणखी एक महिना गळ्यात. काही ठिकाणी जर्मन बँकेचं खातं मागतात, काही अ‍ॅप कार्डही घेतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात अडकू नकोस. आणखी एक, तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे टाक. आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव नावातच गुंडाळलेलं असतं. तपासनीस ओळखपत्र मागतो आणि दोन्ही जुळवून बघतो.

पहिला आठवडा मुलाखतीचा एकही अर्ज नाही केलास तरी चालेल, पण रोज फिर. पास आहेच. शेवटच्या स्टॉपपर्यंत जा आणि परत ये. मी पहिल्या महिन्यात पैसे वाचवायला घरात बसून अर्ज करत राहिले, आणि बोलावणं आलं तेव्हा मला शहर माहीत नव्हतं. ही कंजुषी मला फार महाग पडली.

आता गाडीत चढायचं कसं, हे. दरवाजा आपोआप उघडत नाही. बटण दाबावं लागतं. पहिल्या दिवशी मी दारासमोर सभ्यपणे उभी राहिले, आतली मुलगी माझ्याकडे सभ्यपणे बघत राहिली, आणि गाडी निघून गेली. बसमध्येही आपला स्टॉप येण्याआधी लाल बटण दाबायचं. कंडक्टर नाही, दोरी नाही, "चला, मायको सर्कल" म्हणून कुणी ओरडत नाही. हे ओरडणं बंद झालं की माणूस बहिरा झाल्यासारखा होतो. तुझी खरी अडचण हीच होणार आहे. आपल्या शहरात आपण कानानं प्रवास करतो. शालिमारला उभं राहिलं की रिक्षावालेच सांगतात कुणाची कुठं. तिथं डोळ्यांनी प्रवास करायचा.

डोळ्यांनी काय वाचायचं? गाडीचा नंबर नंतर, आधी शेवटच्या स्टेशनचं नाव. शहरातल्या फाइहिंगनला जायचं तर गाडीवर हेरेनबर्ग, फिल्डरश्टाट किंवा फ्लूगहाफन, म्हणजे विमानतळ, यातलं काहीतरी असेल. फॉयरबाखला, म्हणजे आपल्या मायकोच्या मूळ घरच्या बाजूला, जायचं तर मारबाख, बिटिगहाइम किंवा वाइल डेअर श्टाट. निमाणीची पाटी बघून आपण जशी बस पकडतो, तसंच. मुख्य स्टेशनात एस-बानचे फलाट जमिनीखाली आहेत आणि त्यांचे क्रमांक १०१ आणि १०२. मी ते वाचून हादरले होते, शंभर फलाट आहेत की काय! नाहीत. पण ही खूण फार उपयोगाची आहे. फाइहिंगनला जाताना तू दिवसाच्या उजेडात, वरच्या फलाटावर उभी असशील तर बहुधा तू मक्याकडे निघाली आहेस.

तिथलं मुख्य स्टेशन २०१० पासून खणलेलं आहे. नवं भूमिगत स्टेशन होतंय, त्याची तारीख आपल्या पुलांसारखी पुढं जात राहते. जुन्या इमारतीपासून वरच्या फलाटापर्यंत लांबलचक फेऱ्यानं चालावं लागतं. अ‍ॅप तीन मिनिटांत गाडी बदलता येईल म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस, पुढची धर. शिवाय गेली काही वर्षं उन्हाळी सुट्टीत एस-बानचा मधला बोगदा काही आठवडे कामासाठी बंद ठेवतात. तेव्हा 'एसईव्ही' अशी पाटी दिसते. म्हणजे गाडीऐवजी बस, आणि ती बस वर रस्त्यावर कुठून तरी सुटते. ही तीन अक्षरं पाठ कर. आणि पाटीवर 'कुर्त्सझूग' दिसलं की समज, आज गाडी छोटी आहे, फलाटाच्या टोकाला थांबलीस तर पळावं लागेल. साडी नेसून पळालेली मी एकटीच असेन. (मुलाखतीला साडी का नेसले हा प्रश्न कृपया पुढच्या पत्रात विचारू नका.)

जर्मन गाड्या सेकंदाला सेकंद धावतात ही दंतकथा नाशिकमध्येच सोडून जा. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. त्यामुळे मुलाखतीला लागेल त्याच्या आधीची गाडी धर. पण पाऊण तास आधी जाऊन रिसेप्शनवर ठाण मांडू नकोस, त्यांना ते अवघड वाटतं. कोपऱ्यावर बेकरी असतेच, तिथं बस. दहा मिनिटं आधी आत. उशीर होणार हे कळलं की त्याच क्षणी फोन. मला त्या बाईनं मक्यावरून फोन केल्याचं कौतुकच केलं होतं, वाटलं तर दया म्हण.

वेळेचं एक फार मजेशीर आहे. फोनवर कुणी "हाल्ब नॉयन" म्हणालं तर शब्दशः 'अर्धे नऊ', आणि आपल्या डोक्यात साडेनऊ वाजतात. ते आहेत साडेआठ. नवव्या तासाचा अर्धा. श्टुटगार्टच्या बाजूचे लोक त्याच्यावर कडी करतात. "फिअर्टल नॉयन", पाव नऊ, म्हणजे सव्वाआठ. "ड्रायफिअर्टल नॉयन", पाऊण नऊ, म्हणजे पावणेनऊ. माझ्याबरोबर भाषेच्या वर्गात एक स्पॅनिश मुलगा होता, त्याला हे पाऊण प्रकरण महिनाभर झेपलं नाही. मला पहिल्या दिवशी जमलं, कारण आपलं पावणेनऊसुद्धा आठ सोडून नवाकडेच तोंड करून बसतं. मराठी येण्याचा तिथं झालेला हा एक हमखास फायदा. तरी शंका असेल तर आकड्यात विचार, आठ तीस ना? कुणाला राग येत नाही.

तुझ्या मुलाखती शहरात कमी आणि बाहेर जास्त असतील असं धरून चाल. मोठ्या गाडी-कंपन्या आणि त्यांचे पुरवठादार सध्या माणसं कमी करताहेत. काम निघतं ते खेड्यापाड्यांतल्या शंभर-दोनशे माणसांच्या कारखान्यांत. अशी औद्योगिक वसाहत म्हणजे आपली अंबड एमआयडीसीच, बस पाळीच्या वेळेला भरभरून आणि मधल्या वेळेत तासाला एक. मुलाखत अकराची असली की नेमकी तू त्या ओसाड तासात सापडतेस. परतीची बस किती वाजता हे जाण्याआधी बघून ठेव. मी एकदा बसची वाट न बघता चालत निघाले, नकाशात बाराशे मीटर दिसत होते. नकाशाला चढ कळत नाही. श्टुटगार्ट म्हणजे खोलगट वाटी, कडांवर घरं, उतारावर चक्क द्राक्षाचे मळे. आपली बाग सपाट, तिथली उभी. त्या कडा चढायला दगडी जिने आहेत, 'श्टेफेले' म्हणतात, शहरात असे चारशेच्या वर आहेत. मी जिना चढून गेले आणि मुलाखतीची पहिली दहा मिनिटं धापा टाकत उत्तरं दिली. तेव्हापासून पिशवीत चपटे बूट. मारिएनप्लाट्सहून डेगरलोखला जायचं असेल तर दातेरी रुळांवरची छोटी गाडी आहे, १८८४ पासून चालते, सायकलीसाठी पुढं वेगळा डबा लावतात. डॉइचलांड-टिकेटमध्ये येते. मुलाखत नसली तरी जा.

राहिलं विचारणं. तुला वाटतंय तिथं कुणाला विचारता येणार नाही. येतं. ते आपणहून बोलत नाहीत, पण विचारलं की थांबून, बोट दाखवून, कधी कधी गरजेपेक्षा जास्त सांगतात. फक्त प्रश्न कसा विचारायचा ते बदल. "फॉयरबाखला कसं जाऊ?" विचारलंस तर तिथल्या स्वाबियन बोलीत दोन मिनिटांचं उत्तर येईल आणि त्यातला एक शब्द कळणार नाही. गाडीकडे बोट दाखवून "फेर्ट डेअर नाख फॉयरबाख?" एवढंच विचार. ही जाते का? उत्तर हो किंवा नाही. बी-वनला तेवढं पुरतं. कुणाला विचारायचं? चाकांची बाजारपिशवी घेतलेल्या आजी. कानात काहीही घातलेल्या तरुणाला नाही.

प्रश्न : मित्र तिथं आहे, तो म्हणतो स्टेशनला गेट नाही, कुणी तिकीट बघत नाही, महिनाभर न काढता फिरलो. मुलाखतींसाठी भरपूर फिरायचं असल्यानं विचारतो, हे खरं आहे का? आणि मुलाखतीच्या प्रवासाचे पैसे कंपनी देते म्हणतात, ते?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : गेट नाही हे खरं. बाकी मित्राचं नशीब. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, तुझ्या शेजारी उभा असलेला जाकीटवाला अचानक यंत्र काढून "फारकार्टन, बिट्टे", म्हणजे तिकिटं दाखवा, म्हणतो. दंड ६० युरो, म्हणजे जवळपास महिन्याच्या पासाइतकाच. पुन्हा पुन्हा सापडलास तर प्रकरण पोलिसात जाऊ शकतं, कारण विनातिकीट प्रवास तिथं फौजदारी गुन्हा आहे. परवान्यासाठी सरकारी कार्यालयात खेटे घालणाऱ्या माणसानं हा जुगार खेळू नये. इथं तू बिनतिकीट फिरतोस का? नाही ना. मग.

तिकीट मोबाइलमध्ये असेल तर त्याचा फोटो चालत नाही, अ‍ॅपच उघडून दाखवावं लागतं. बॅटरी संपली तर तिकीट नाही असंच धरतात. पॉवर बँक ने.

पैशाचं मात्र मित्रानं बरोबर सांगितलं. कंपनीनं स्वतः मुलाखतीला बोलावलं असेल आणि 'प्रवासखर्च मिळणार नाही' असं आधी कळवलेलं नसेल, तर वाजवी खर्च त्यांनी द्यायचा असतो. जर्मन दिवाणी कायद्याच्या ६७० व्या कलमाच्या आधारे तिथं हे मानलं जातं. त्यामुळे बोलावणं शेवटच्या ओळीपर्यंत वाच, नकार बहुधा तिथं छोट्या अक्षरांत बसलेला असतो. म्युनिकला किंवा हाम्बुर्गला जलद गाडीनं जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी दोन ओळींचा मेल टाक, खर्च मिळेल का आणि पावती कुणाला द्यायची. मी तीनदा विचारलं, दोनदा मिळाले. तिसऱ्यांदा नाही म्हणाले, पण मुलाखत ऑनलाइन घेऊ म्हणाले, माझं दिवसभराचं हेलपाटणं वाचलं. डॉइचलांड-टिकेटवर गेलास तर वेगळा खर्च झालेलाच नाही, तिथं हात पसरू नकोस. आणि नाशिक ते जर्मनी हे विमानभाडं यात धरू नकोस, तसंही एक पत्र मागं आलं होतं.

प्रश्न : माझी मुलगी परदेशी एकटी नोकरी शोधायला चालली आहे. तिला मी सांगितलंय, कुठंही जा पण अंधार पडायच्या आत घरी ये. ती हसते. तुम्ही तिथं राहून आलात, तुम्हीच लिहा म्हणजे तिला पटेल. रात्रीच्या गाड्या कितपत सुरक्षित असतात?
— एक आई, सिडको

उत्तर : वहिनी, तुमची मुलगी का हसते ते सांगते. डिसेंबरात श्टुटगार्टला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तुमचा नियम पाळला तर तिला दुपारच्या जेवणानंतर घरी परतावं लागेल. आणि जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा हाच नियम तुम्हाला पटणार नाही. उजेडावर नियम ठेवू नका.

मी पाच वर्षं राहिले, रात्री दहा-अकराला एस-बाननं एकटी येत असे. भीती वाटावी असं माझ्या वाट्याला दोनदा आलं, दोन्ही वेळा दारू प्यायलेली टोळकी होती, मॅच संपल्यानंतरची. मी उठून पहिल्या डब्यात, चालकाच्या मागं जाऊन बसले. तिलाही तेच सांगा, रात्री पहिला डबा. फलाटांवर मदतीचे खांब असतात, बटण दाबलं की माणूस बोलतो. पोलिसांचा नंबर ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा ११२, दोन्ही नुसते फोनमध्ये नकोत, डोक्यात हवेत. आठवड्याच्या मधल्या दिवशी मध्यरात्रीनंतर एस-बान थांबते. शुक्रवार-शनिवारच्या रात्री चालू असते, आणि श्लॉसप्लाट्सहून रात्रीच्या बस सुटतात. रविवारचं वेळापत्रक वेगळं, ते मात्र ती नक्की विसरणार, आम्ही सगळेच विसरलो. एकटीनं घरी चालत जाताना फोनवर सोबत करणारी स्वयंसेवकांची सेवा तिथं आहे, 'हाइमवेग-टेलिफोन' नावाची. मी तिथं असताना मला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्रीपेक्षा मला जास्त काळजी स्टेशनपासून खोलीपर्यंतच्या रस्त्याची वाटते. खोली घेताना भाडं बघतात, स्टेशन किती मिनिटांवर हे बघतात, पण तो रस्ता रात्री कसा दिसतो हे कुणी बघत नाही. खोली पक्की करण्याआधी तिनं एकदा रात्री नऊला तिथून चालून यावं. रस्त्यात दिवे आहेत का, शेवटचा चढ जंगलातून जातो का. श्टुटगार्टला शहराच्या मधोमध झाडी आहे, दिवसा फार सुंदर.

आता तुमच्याबद्दल. हिवाळ्यात तिथल्यापेक्षा आपलं घड्याळ साडेचार तास पुढं असतं. ती रात्री नऊला घरी पोचली की इथं दीड वाजलेला असतो. माझी आई पहिले दोन महिने 'पोचले'चा मेसेज येईपर्यंत जागी राहायची. मग आमचं ठरलं, मी रात्री मेसेज टाकायचा आणि तिनं तो सकाळी दूध आणायला उठल्यावर वाचायचा. तिनं कबूल केलं. मी परत आल्यावर कळलं की ती तेव्हाही दीडला उठून बघत होती, फक्त निळी खूण दिसू नये म्हणून न उघडता वरूनच वाचायची. तुम्हालाही हे जमेल, सोपं आहे, दहावीतला कुठलाही मुलगा शिकवेल.